मापाची काठी

बाबांनी चाळीस वर्षं सिमेंट ओतलं आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलीने मातीत हात घातले. हे दुःख बाबा घरी येईल त्याला चहाबरोबर ऐकवत. "हिला आर्किटेक्ट करताना माझे डोळे पांढरे झाले. आणि ही बांधते काय, तर मातीच्या भिंती. माझ्या पणजोबांना न शिकताच येत होत्या." ऐकणारा हसे, मुलगीही हसे, कारण बाबांच्या थट्टेत विष नसे. तिच्या प्रत्येक कामावर ते एकदा तरी येत, भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत आणि घरी परतल्यावर म्हणत, "ठीक आहे. पडायला वेळ लागेल."

तिचं म्हणणं साधं होतं. सिमेंटच्या भट्ट्या धूर ओकतात आणि जग तापतं. माती मात्र पायाखालीच मिळते, नीट ठोकून बसवली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि उन्हाळ्यात खोली गार ठेवते. लाकडाचं तर तिला वेडच होतं. झाड हवेतला कार्बन खाऊन वाढतं आणि त्याचं लाकूड तो पोटात धरून बसतं, म्हणून तिच्या कामावर लाकडाची ढलपीसुद्धा जाळायला बंदी होती. कुणी चहासाठी तीन दगड मांडले की ही पाण्याची बादली घेऊन हजर. कामगारांनी तिचं नाव 'अग्निशामक' ठेवलं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

ज्या महिन्यात तिला म्हाताऱ्या माणसांच्या विरंगुळा केंद्राचं काम मिळालं, त्याच महिन्यात डॉक्टरांनी बाबांच्या हृदयाचे रिपोर्ट दोनदा वाचले आणि सहा महिने सांगितले. फार तर आठ. घरी येताना बाबा गाडीत म्हणाले, "गॅरंटी संपली म्हणायची. या मॉडेलचे पार्ट आता मिळत नाहीत." तिला हसू आलं नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि दोनदा दाबला. लहानपणी रस्ता ओलांडताना ते असंच करायचे. दोनदा दाबलं की अर्थ एकच, चल, आता निघायचं.

केंद्र बाबांनी उभं राहिलेलं पाहावं, ही एकच घाई तिला लागली.

मातीचं काम ज्याच्या हाती होतं तो मिस्त्री सत्तरीचा होता, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. थर नीट बसला की नाही हे तो बघून नव्हे, ऐकून ठरवी. दोन उभ्या फळ्यांच्या साच्यात ओलसर माती टाकायची आणि जड धुम्मस उचलून आपटायची. आधी आवाज बोदा येतो, मग घट्ट होत जातो, आणि शेवटी धातूवर ठोकल्यासारखा खणखणतो. तो खणखणला की मिस्त्री हात वर करी आणि पुढचा थर पडे. उंचीसाठी तो टेप वापरत नसे. "टेप सगळ्यांची असते बाई," तो म्हणे. "इमारत कुणाची तरी असते." इमारतीत जी माणसं वावरायची त्यांच्यातल्या एकाच्या उंचीची काठी तो कापून घेई, त्यावर गुडघा, लोंबता हात, कोपर आणि खांदा यांच्या खाचा पाडी, आणि खिडकीचा कट्टा, कठडा, कडी, बटण, सगळं त्या खाचांवरून लावी.

तिला ही पद्धत बेहद्द आवडली. म्हातारं माणूस तर घरातच होतं. बाबा कौतुकाने तयार झाले, बूट काढून ताठ उभे राहिले, आणि सुताराने त्यांच्या पाठीला टेकवलेल्या काठीवर मिस्त्रीने चाचपत एकेक खूण केली. "पोटाचं माप घेऊ नका," बाबा म्हणाले, "भिंतीला बाक येईल."

माप झाल्यावर मिस्त्री तिला बाजूला घेऊन म्हणाला, "काम संपलं की ही काठी ज्याची त्याच्यासमोर जाळायची."

"जाळायचं काय ते बघू मिस्त्री."

"बघू नाही बाई. जाळायची."

म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवावा म्हणून तिने मान डोलावली आणि ते विसरून गेली.

पाच महिन्यांत तीन भिंती उभ्या राहिल्या. चौथी, पश्चिमेची, शेवटची. दुपारचं ऊन अंगावर घेऊन ते सावकाश आत सोडायचं आणि संध्याकाळी सात-आठच्या सुमारास खोलीला ऊब द्यायची, असा तिचा हिशेब होता. आत काय चाललंय ते कळावं म्हणून तिने भिंतीच्या पोटात एक सेन्सरही ठेवला होता आणि त्याचे आकडे फोनवर पाहायचा तिला नाद लागला होता. कोपरा उकलू नये म्हणून थरांच्या मधे आडवी लाकडं घालतात. शेवटच्या दिवशी असं एक लाकूड कमी पडलं. मिस्त्री डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गेलेला. सुताराने कोपऱ्यातली काठी उचलून विचारलं, "मॅडम, हिचं काय करायचं? मिस्त्री जाळायची म्हणत होते."

"चांगलं जुनं लाकूड आहे, जाळताय कशाला?" ती म्हणाली. "भिंतीत घाला. शंभर वर्षं जपून राहील."

काठी खिडकीच्या कट्ट्याच्या उंचीवर आडवी निजवली, वर माती पडली, धुम्मस सुरू झाली. खणखणाट व्हायला त्या दिवशी नेहमीपेक्षा फार वेळ लागला, एवढंच तिच्या लक्षात राहिलं.

सहा महिने झाले, आठ झाले. बाबा होते. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, पुन्हा रिपोर्ट वाचले आणि ते तोंडभर हसले. हृदय बरं झालं नव्हतं, पण बिघडलंही नव्हतं. होतं तिथेच होतं. तिने त्या दिवशी संपूर्ण मजल्यावर मिठाई वाटली.

मग बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. बाबा रोज सकाळी दाढी करणारे. दाढीचा ब्रश कोरडा पडला होता. तिने विचारलं तर ते गालावरून हात फिरवत म्हणाले, "वाढतच नाही गं. ब्लेडवाल्यांचं नुकसान." नखं कापायला बसली तर कापण्यासारखं काही नव्हतं. ताटात वाढलेलं ते मुकाट्याने संपवत, पण भूक लागली असं एकदाही म्हणत नसत. आणि थट्टा करत, तीही आठवून केल्यासारखी. वाक्य बरोबर असे, पण डोळे हसत नसत.

एके दुपारी तिने औषध देताना त्यांचा हात धरला आणि चटकन सोडला. हात गार होता. आजारी माणसाचा असतो तसा नव्हे, सावलीतल्या ओट्यासारखा गार. थर्मामीटर लावला तर आकडाच येईना. तिच्या पिशवीत कामाचं ते दुरून भिंतीचं तापमान मोजायचं यंत्र होतं. नको नको म्हणता तिने ते बाबांच्या कपाळाकडे रोखलं. तेवीस पूर्णांक चार. यंत्र बिघडलं असणार म्हणून तिने ते टेबलाकडे रोखलं, खिडकीकडे रोखलं. तिथे एकतीस, चौतीस, म्हणजे बरोबर. तिचा अंगठा सवयीने फोनवर गेला. पश्चिमेची भिंत, तेवीस पूर्णांक चार.

संध्याकाळी आठ वाजता बाबांचं अंग उबदार झालं. ती रोज मोजू लागली. दुपारी गार, संध्याकाळी उबदार, आणि दर वेळी आकडा भिंतीचा.

यातूनही तिने मनाची समजूत घातली असती. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो. पण केंद्रात चित्र टांगायला वायरमनने पश्चिमेच्या भिंतीत ड्रिल चालवलं त्या दिवशी ती घरी होती. बाबा खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. ते "आं" असं अगदी हळू म्हणाले आणि पायजमा वर करून गुडघ्याकडे बघत राहिले. गुडघ्याच्या खाली एक भोक होतं. गोल, स्वच्छ. रक्त नव्हतं. बाबांनी त्याला बोट लावलं, तर बोटाला पिवळसर भुकटी लागली. बाप-लेकीने एकमेकांकडे पाहिलं. तिला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

ती मिस्त्रीकडे गेली. तो काळा चष्मा लावून ओसरीत बसला होता. तिने सगळं सांगितलं; त्याने एकच विचारलं, "काठी कुठे आहे?"

तिने सांगितलं तेव्हा त्याने चष्मा काढला. नव्या डोळ्यांनी तो तिला पहिल्यांदाच नीट बघत होता, आणि त्याला आवडेल असं त्यात काही नव्हतं.

"माप म्हणजे काय बाई? माणूस जरा वेळ लाकडात उतरवायचा. काम झालं की परत सोडायचा. तुम्ही त्याला वर माती टाकून ठोकला."

"त्यांना काही होईल का?"

"नाही. तेच तर. काही होणार नाही. भूक नाही, झोप नाही, मरण नाही. भिंत आहे तोवर."

"आणि काढली तर?"

"तर माणूस आपल्या वेळेला जातो. साहेबांची वेळ कधीची होऊन गेली, तुम्हीच सांगितलंत."

ती परत आली आणि तिने काही केलं नाही. हे सांगायला हवं, कारण पुढे ती स्वतःलाही हे सांगत राहिली. पुरता दीड महिना तिने काही केलं नाही. पश्चिमेच्या भिंतीला खिळा मारायचा नाही असा फलक तिने लावला. पावसाळी हवेत बाबांच्या पाठीला ओल सुटे, ती तिने टॉवेलने टिपली. काय वाईट आहे, ती मनाशी म्हणे. बाबा आहेत, समोर बसले आहेत, हाक मारली की ओ देतात. भिंत तीनशे वर्षं टिकेल असं तिने केंद्राच्या उद्घाटनाला सगळ्यांपुढे भाषणात सांगितलं होतं. तो आकडा आठवला की मात्र ती हातातलं काम टाकून बाबांना हाक मारून बघे.

शेवटी बाबांनीच विषय काढला. ते काही दुधखुळे नव्हते. चाळीस वर्षं इमारती उभ्या केल्या होत्या. "काल मी तुझ्या केंद्रात जाऊन आलो," ते म्हणाले. "त्या भिंतीला पाठ टेकली आणि मला बरं वाटलं. घरी आल्यासारखं. बेटा, मला भिंतीत घरी आल्यासारखं वाटतंय."

तिने त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला.

"चहा पितो, तो कुठे जातो कळत नाही. तुझी आई आठवायला बसलो, तर चेहरा आठवतो पण वाईट वाटत नाही. अगं, वाईटसुद्धा वाटत नाही." मग त्यांनी तिला विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"दीड महिना," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुपारची वेळ होती, हात गार होता.

मिस्त्री काय म्हणाला ते तिने सांगितल्यावर बाबांनीच रविवार ठरवला; रविवारी केंद्र बंद असे. मिस्त्री, बाबा आणि ती, तिघंच गेले. बाबा खुर्ची टाकून भिंतीसमोर बसले. कट्ट्याशेजारी तिने स्वतः छिन्नी लावली, कारण मिस्त्रीने हात लावायला नकार दिला. ज्याने घातली त्याने काढायची, असं त्याचं म्हणणं. आपलीच भिंत फोडताना तिला प्रत्येक घावाला बाबांकडे बघावं लागे. ते डोळे मिटून बसले होते, आणि घाव बसला की त्यांच्या पापण्या हलत. "फार चांगली ठोकली आहेस," ते एकदा म्हणाले. "सिमेंटला लाजवील." तिने हे वाक्य ऐकायला वीस वर्षं वाट पाहिली होती.

काठी दिसली. ओढताना ती खाचांपाशी मोडली. खांद्याकडचा तुकडा आला, पायाकडचा आला. मधला, कोपर ते लोंबत्या हाताच्या खुणेपर्यंतचा, घट्ट रुतून बसला होता. तिने भोकात हात घातला. तुकडा बोटांना लागला. तो कोमट होता.

"सगळी आली?" बाबांनी मागून विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. त्यात धाप होती, थकवा होता, माणूस होता. ती वळून पाहते तर बाबांच्या कपाळावर घाम. "मला भूक लागली आहे," ते आश्चर्याने म्हणाले.

आणखी दहा मिनिटं छिन्नी चालवली असती तर तो तुकडा आला असता. तिने हात बाहेर काढला.

"सगळी आली," ती म्हणाली.

आवारात बाबांसमोर काठीचे तुकडे पेटवले. 'अग्निशामका'ने स्वतः काडी ओढली. मिस्त्री तुकडे मोजण्याइतका जवळ नव्हता, आणि लाकूड जळून गेल्यावर राखेची लांबी कोण बघतो? संध्याकाळी तिने ओली माती भरून भोक बुजवलं. ठिगळाचा रंग काही जुळला नाही.

बाबा त्यानंतर एकोणीस दिवस जगले, आणि खरंच जगले. दाढी वाढली ती त्यांनी हौसेने केली. दोन अंडी खाऊन तिसरं मागितलं. आईच्या आठवणीने एकदा भरपूर रडले आणि मग म्हणाले, "हे बरं झालं." विसाव्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेत गेले, भाग्यवान. चेहरा शांत होता. फक्त उजवा हात ताठ होता, कोपरापासून पुढे, आणि बाकीचं अंग गार पडल्यावरही तो संध्याकाळपर्यंत कोमट राहिला. हे तिने कुणाला दाखवलं नाही.

मग ती रोज संध्याकाळी केंद्रात जाऊ लागली. सगळे गेल्यावर कट्ट्यापाशी उभी राहून ठिगळावर तळवा ठेवी. सातच्या पुढे तिथली माती इतर भिंतीपेक्षा जास्त उबदार होई, आणि आतून कुणीतरी तळव्याला तळवा लावल्यासारखं वाटे. सुरुवातीला एवढंच. एवढं एक ठेवून घेतलं तर कुणाचं काय बिघडलं, ती स्वतःशी म्हणे. सेन्सरचे आकडे पाहणं तिने बंद केलं होतं. पुढे एका कामासाठी ती परगावी गेली, तिथे आठवडे लागले, आणि जाताना तिला वाटलं की परत आलं की काढू तो तुकडा. असं तिला दर आठवड्याला वाटत असे.

परतली त्या दिवशी केंद्र बंद व्हायला आलं होतं. एक बाई मात्र कट्ट्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्या आयुष्यभर इस्पितळात नर्स होत्या. आता त्यांना फारसं दिसत नसे, म्हणून भिंतीच्या आधाराने चालत.

"या भिंतीत हात आहे," त्या तिला अगदी सहज म्हणाल्या, शेजारचं बाक रिकामं आहे असं सांगावं तशा.

ती दोन पावलं मागे सरली.

"घाबरू नकोस. मी पंचेचाळीस वर्षं लोकांचे हात धरले, मला कळतं. नाडी नाही लागत, पण हात आहे. पुरुषाचा. आधी मला वाटलं एकटा पडलाय, म्हणून धरून बसायचे. पण त्याला सोबत नको आहे."

"मग काय हवंय?"

"त्याला घाई आहे. मरायला टेकलेली माणसं नातेवाइकांची वाट बघत अशीच हात दाबतात, मी पाहिलंय. हा दोनदा दाबतो. थांबतो. परत दोनदा. दिवसभर चाललंय त्याचं."

ती पुढे झाली. नर्सबाईंनी आपला हात काढून घेतला आणि तिला जागा दिली. पश्चिमेचं ऊन खिडकीतून कट्ट्यावर आलं होतं. तिने ठिगळावर तळवा ठेवला. माती कोमट होती, आणि मातीच्या आड, नीट, न चुकता, लहानपणी रस्त्याच्या कडेला दाबायचे तसं तिच्या तळव्याला कुणीतरी दाबलं. दोनदा. मग, ती हलत नाही असं पाहून, पुन्हा दोनदा.

त्यांना कुठे अडवून ठेवलंय ते तिला इतके दिवस ठाऊक होतं. अडवून ठेवणारी कोण, हेही ठाऊक होतं.

"हो बाबा," ती म्हणाली. "चला."

छिन्नी-हातोडा अजून कपाटातच होता. नर्सबाईंनी काही न विचारता पदर खोचला आणि खाली सांडणारी माती धरायला कट्ट्यावर वर्तमानपत्र पसरलं. तिने कोपराच्या खुणेची जागा बोटाने चाचपून घेतली आणि पहिला घाव तिथे, हलक्या हाताने घातला.